खाचांचा हॉर्न आणि उद्यमबागेतल्या चकत्या

बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान लेथशॉपमध्ये मी 11 गिगाहर्ट्झच्या फीड हॉर्नचे (डिशपुढे बसवून लहरी गोळा करणाऱ्या धातूच्या शंकूचे) रेखाचित्र घेऊन गेलो, तेव्हा टर्नरने विचारलेला पहिलाच प्रश्न मुद्द्याचा होता: हॉर्न आतून गुळगुळीत करायचा सोडून त्यात मुद्दाम खाचा कशाला पाडायच्या?

उपग्रह एकाच वारंवारितेवर उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणाचे (विद्युतक्षेत्राच्या दिशेचे) दोन स्वतंत्र संदेश पाठवू शकतो, आणि एकातला अंश दुसऱ्यात झिरपला की त्यालाच क्रॉस-पोलरायझेशन म्हणतात. गुळगुळीत शंकूत विद्युतक्षेत्राच्या रेषांना धातूच्या भिंतीला लंबच भेटावे लागत असल्यामुळे त्या कडेकडे वाकतात, आणि रेषा वाकली की नको असलेला घटक आलाच. हा घटक उभ्या आणि आडव्या या दोन मुख्य प्रतलांत दिसत नाही. तो 45 अंशांच्या तिरक्या प्रतलांत सर्वाधिक असतो. (फक्त मुख्य प्रतले मोजून मी एकदा हॉर्न निर्दोष ठरवला होता.)

पॉटर यांनी 1963 मध्ये हॉर्नच्या घशात एक पायरी देऊन दुसरा मोड (क्षेत्राचा वेगळा आकृतिबंध) मिसळला आणि रेषा सरळ केल्या. मात्र दोन मोडांचा वेग वेगळा असल्याने हा मेळ अरुंद पट्ट्यातच टिकतो. खाचांचा उपाय मला अधिक देखणा वाटतो. पाव तरंगलांबी खोल खाचेच्या तळाचे शॉर्टसर्किट तिच्या तोंडाशी उघड्या सर्किटासारखे भासते, त्यामुळे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांना भिंत सारखीच वाटते, रेषा जवळपास सरळ होतात आणि क्रॉस-पोल रुंद पट्ट्यात मुख्य संदेशाच्या 30 डेसिबल किंवा त्याहून अधिक खाली राहू शकतो.

11 गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी 6.8 मिलिमीटर भरते. मात्र गुळगुळीत नळीतून येणारी लहर मागे परतू नये म्हणून घशाजवळची पहिली खाच अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे 13.6 मिलिमीटर खोल ठेवून पुढच्या खाचा क्रमाने उथळ कराव्या लागतात, आणि आमचा घसा जेमतेम 20 मिलिमीटर व्यासाचा होता. "सर, आतनं टूल फिरत नाही. चकत्या करून एकावर एक बसवूया की," टर्नर म्हणाला. जाड-पातळ, लहान-मोठ्या भोकांच्या चकत्या रचून बोल्टने आवळण्याची ही पद्धत या क्षेत्रात प्रचलित आहे. त्याला ती आपसूक सुचली. अडचण एवढीच की खाचेच्या तळाशी प्रवाह सर्वाधिक असतो आणि चकत्यांचा सांधा नेमका तिथेच येतो, म्हणून प्रत्येक चकतीचे तोंड घासून सपाट करण्यात दोन दिवस गेले.

एवढे करूनही घरगुती ऑफसेट डिशवर शुद्ध हॉर्न पुरत नाही. डिशच्या असममितीमुळे रेषीय ध्रुवीकरणात झोताच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना क्रॉस-पोलचे कान उगवतात, आणि ते मारण्यासाठी रज आणि अडाटिया यांनी 1975 मध्ये सुचवल्याप्रमाणे हॉर्नमध्येच मोजूनमापून अशुद्धी, म्हणजे इतर मोड, मिसळावी लागते. ते काम मी अजून हाती घेतलेले नाही.

त्याआधी साधी गोष्ट सांभाळायची होती. उपग्रहाचे ध्रुवीकरण विषुववृत्ताला समांतर धरले, तर बेळगावहून 93.5 अंश पूर्वेकडील जीसॅट-15 साठी प्रोब (हॉर्नमागची, संदेश पकडणारी सळई) सुमारे 49 अंश तिरका ठेवावा लागतो. त्यात दोन अंशांची चूक झाली, तरी गळती मुख्य संदेशाच्या फक्त 29 डेसिबल खाली, इतकी वर चढते आणि खाचांची कमाई तिथेच संपते. म्हणून प्रोबच्या फ्लँजवर त्याच टर्नरकडून डिव्हायडिंग हेड (वर्तुळ समान भागांत विभागणारे साधन) लावून अंशाअंशाच्या खुणा मारून घेतल्या.