आबांची ट्रंक

आज आबांचं, माझ्या आजोबांचं, तेरावं झालं. पाहुणे पांगल्यावर त्यांची काळी ट्रंक उघडली. वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि '१ मराठा'. म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. आत डांबरगोळ्यांच्या वासात घडी घातलेला कोट आणि त्याला 'पूर्वी स्टार', म्हणजे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असल्याचं पदक.

डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेल्यांत आबा होते. १० तारखेच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणारी पाकिस्तानी फौज त्यांच्याच अंगावर आली. पुढं पुंगली पुलाजवळ आपल्या छत्रीधारी सैनिकांशी गाठ पडली, मग ढाका. हे मला वाचून कळलं. आबांना विचारलं की एकच उत्तर, "थंडी लय होती."

बोलायचे ते उसाच्या पाळीबद्दल. पहाटे चारला उठून पांघरुणाची घडी अशी घालायचे की सुनांना धडकी भरावी! कँटीनची रम आणायचे, पण स्वतः थेंब नाही. अर्धी गावातल्या म्हाताऱ्यांना, उरलेली थंडीत बैलांच्या गुडघ्यांना. चारही आत्यांना शिकवलं ते पेन्शनीवर आणि दोन म्हशींवर. त्यातल्या एकीला पोलिसात धाडलं, तेव्हा भावकीनं वर्षभर तोंड फिरवलं होतं.

उद्या आजीच्या फॅमिली पेन्शनसाठी बँकेत जायचंय. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तिच्या नावापुढं 'बाई' आहे, आधारवर नाही. खेटे होणार, दिसतंयच. तुमच्याकडं कुणी माजी सैनिक असतील तर हे आत्ताच तपासून घ्या.