सॅल्मन नदीवर बिगहॉर्न: पहिली फेरी झाली, टॅग अजून कोरा

आठ रात्री नदीवर काढून परवा बॉइसीला परत आलो. टॅगवर, म्हणजे शिकारीच्या परवान्याच्या चिठ्ठीवर, जनावर मिळाल्यावर पाडायची ती खाच पाडायची वेळ आली नाही. दुसरी फेरी ऑक्टोबरच्या मध्यावर आहे. तोवर जे शिकलो ते ताजं आहे तेव्हाच लिहून ठेवतो, कारण आपल्यातल्या दोघातिघांनी यंदा अर्ज भरले होते आणि पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी कुणाचं तरी नाव लागावं असं मला फार वाटतं.

नव्यांसाठी थोडक्यात. बिगहॉर्न म्हणजे इथल्या डोंगरातला वळलेल्या शिंगांचा जंगली मेंढा. आयडाहोत त्याच्या शिकारीचे अर्ज एप्रिलमध्ये भरायचे, सोडतीचा निकाल जूनच्या सुरुवातीला. नाव न लागलेल्या वर्षांचे बोनस पॉइंट इथं नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा अर्ज करणारा आणि वीस वर्षं करत आलेला, दोघांनाही सारखीच संधी. मेंढ्यासाठी अर्ज केला की त्या वर्षी एल्क किंवा हरणाच्या मुख्य सोडतीत नाव घालता येत नाही. आणि रॉकी माउंटन बिगहॉर्न एकदा मारला की नेहमीच्या सोडतीत त्याचा अर्ज जन्मात पुन्हा नाही. माझं नाव सातव्या वर्षी लागलं. युनिटचा, म्हणजे शिकारीच्या विभागाचा, नंबर मुद्दाम लिहीत नाही.

नॉर्थ फोर्क गावापासून नदीच्या कडेनं 46 मैल गेलं की कॉर्न क्रीक येतं आणि रस्ता तिथंच संपतो. तिथून खाली रिगिन्सच्या वरच्या अंगाला कॅरी क्रीकपर्यंत जवळपास 80 मैल फक्त नदी. 1805च्या ऑगस्टमध्ये शोधमोहिमेवर निघालेला क्लार्क या खोऱ्यात वरच्या बाजूनं उतरला, पुढचं पाणी आणि कडे बघून मागं फिरला, आणि लुईस-क्लार्कच्या तुकडीनं वाट बदलली. पुढं लोक लांबलचक लाकडी बोटी इथून खाली न्यायचे आणि पोचल्यावर मोडून त्यांच्या फळ्या बांधकामाला वापरायचे, कारण बोट परत वर आणणं शक्य नव्हतं. ‘रिव्हर ऑफ नो रिटर्न’ हे नाव त्यातून आलं. आज जेट बोट वर चढू शकते आणि या पट्ट्यात तिला परवानगीही आहे. मला मात्र इंजिनाचा आवाज नको होता. 14 फुटी राफ्ट, मधे वल्ह्यांची चौकट, मी आणि माझा मेहुणा.

बोट परत वर जात नाही, हे इतिहास म्हणून मला पाठ होतं. शिकारीत त्याचा अर्थ काय होतो ते तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

पहिले दोन दिवस आम्ही वाहत्या राफ्टमधूनच उतार बघत होतो. एक वल्ही मारणार, दुसरा दुर्बीण लावणार. तिसऱ्या दिवशी मेहुणा म्हणाला, “दाजी, डावीकडं बघा, त्या पिवळ्या खडकाखाली.” एकटा नर बसलेला, शिंगांचा घेर गालाखालून पुन्हा वर आलेला. मी वल्ही उलटी मारायला लागेपर्यंत काठालगतची एडी, म्हणजे राफ्ट थांबवता येईल अशी उलट फिरणाऱ्या पाण्याची जागा, मागं निघून गेली होती. पुढची एडी सापडली ती एक किलोमीटर खाली. तेवढंच अंतर दगडधोंड्यांच्या घसरणीवरून चालत मागं यायला दीड तास लागला. खडक तिथंच होता, त्याखाली कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी पद्धत बदलली. आता प्रत्येक वळणाच्या आधीच्या एडीत राफ्ट बांधायची, ज्या उतारावर मेंढे असू शकतात त्याच्या समोरच्या काठावर बसायचं आणि ट्रायपॉडवर दुर्बीण लावून निदान दोन तास हलायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात नुसते दगड दिसतात. मग एका दगडाला कान फुटतो. बिगहॉर्नचा रंग कोरड्या गवतात आणि खडकात इतका मिसळतो की मला बहुतेक वेळा आधी पार्श्वभागाचा पांढरा ठिपकाच दिसला.

वाऱ्याचंही लिहितो, कारण इथं मी चुकीची समजूत घेऊन गेलो होतो. नदीवरून आलं म्हणजे खालून चढत जायचं, असं डोक्यात होतं. पण मेंढा बसतो तो खालच्या धोक्यावर नजर ठेवूनच. नदी त्याला स्वच्छ दिसते. म्हणून समोरून हेरायचं, पाणी ओलांडायचं, बाजूच्या घळीतून त्याच्यापेक्षा उंच जायचं आणि वरून यायचं. सकाळी थंड हवा उताराखाली वाहते. ऊन तापलं की तीच वर चढायला लागते, आणि वरून येणाऱ्याच्या ती तोंडावर येते. म्हणजे चढण उन्हाआधी उरकायची, शेवटचे तीनशे मीटर उन्हानंतर. घळीत पायाखालचा दगड निसटला तरी खालच्या पाण्याचा आवाज बराच झाकून घेतो.

सहाव्या दिवशी या पद्धतीनं चार नर सापडले. सकाळची हवा थरथरत नव्हती, स्पॉटिंग स्कोपमधून शिंगावरची वळी स्पष्ट दिसत होती. शिंगं झडत नाहीत. हिवाळ्यात वाढ मंदावते आणि दरवर्षी एक खोल वळी उमटते. पहिल्या वर्षाची वळी बऱ्याचदा घासून जाते, तिचा हिशेब वेगळा धरावा लागतो. चौघांतला सर्वांत मोठा सहा वर्षांचा भरला. टोकं अजून शाबूत होती. “हाच घ्यायचा का?” मेहुण्यानं विचारलं. तासभर बघत राहिलो आणि नाही म्हणालो. मला आठ-नऊच्या पुढचा, टोकं झिजवलेला, बरेच माज लढून झालेला नर हवा आहे. त्या तासाचा मला आजही पस्तावा नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. माद्यांचा कळप दिसला त्यात अकरा माद्यांमागं तीनच कोकरं होती. पाळीव मेंढ्या-शेळ्यांच्या नाकात राहणारा मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी हा जंतू बिगहॉर्नमध्ये शिरला की न्यूमोनियानं कळप कोसळतो, आणि वाचलेल्या माद्यांकडून पुढची कित्येक वर्षं कोकरांना लागण होत राहते. आमच्या गावी धनगर यायचे, खतासाठी शेतात मेंढरं बसवायचे, आणि त्या मेंढरांच्या गर्दीत आम्ही मोठे झालो. त्याच जातीचं जनावर इथल्या डोंगरात नुसत्या नाकाला नाक लागण्यानं मरणाचं कारण ठरतं, हे मला पचायला वेळ लागला. अकरा माद्यांमागं तीन कोकरं कशानं, हे मी सांगू शकत नाही. मोजणी, तारीख आणि जागा वन्यजीव खात्याला कळवली आहे. तुम्हीही कळवत जा. आणि सामान वाहायला बकऱ्या नेण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो सोडा.

धबधब्यांसारख्या खळाळांबद्दल फार लिहीत नाही. पाणी उतरलेलं होतं, बिग मॅलार्ड हा खळाळ आधी काठावर उतरून पाहिला आणि मग घेतला. बार्थच्या गरम झऱ्यात अर्धा तास बसलो. इथले टुकुडिका लोक मेंढ्याची शिंगं गरम पाण्यात मऊ करून त्यांची धनुष्यं घडवत. पाण्यात हात बुडवून बसलो तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या फेरीसाठी बदल: आठऐवजी बारा रात्री. अंतर तेवढंच आहे, नदी छोटी करता येत नाही, म्हणून दिवस वाढवायचे. यंदा थांबण्यात वेळ गेला आणि शेवटच्या दोन दिवसांत नुसते मैल तोडावे लागले. खालचे चांगले उतार न बघता सुटले. ऑक्टोबरात मांसही टिकेल. सप्टेंबरच्या उन्हात बर्फ सहाव्या दिवशीच संपला होता. नर मिळालाच तर हाडं काढलेलं मांस आणि डोकं मिळून दोघांना दोन खेपा होतील असं धरलंय. मोठ्या नराची शिंगंच 14 किलोपर्यंत भरतात. मग दहा दिवसांच्या आत खात्याकडं दाखवायचं, ते शिंगात क्रमांकाची गुल्ली बसवतात. आगपात्र आणि शौचाचा डबा नेहमीप्रमाणे सक्तीचा, राफ्टिंगचा हंगाम संपला असला तरी नदीवर उतरायचा परवानाही लागतोच.

पिवळा खडक पहिल्या चोवीस मैलांत आहे. त्याच्या वरची एडी नकाशावर खूण करून ठेवली आहे. यावेळी कॉर्न क्रीकला आदल्या रात्रीच मुक्काम करणार, म्हणजे दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत राफ्ट तिथं बांधलेली असेल.