तुम्ही विचारलंत म्हणून: टाय लागतो का?

रविवारी सकाळी आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या घरी ओळखीपाळखीतली इंजिनिअरिंगची पोरं येतात. आयटी कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना त्यांच्या कामासाठी सॉफ्टवेअर बसवून देण्याच्या धंद्यात, शिरायचं कसं, हे विचारायला. पण पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, सूट शिवून घेऊ काय? टाय लागतोय?" परवा एका पोरीनं सांगितलं, बाबांनी उसने पैसे काढून ब्लेझर शिवला. ऐकून जीव तुटला. म्हणून जरा नीट लिहितो.

टाय लागत नाही. इस्त्रीचा सुती शर्ट आणि साधी पँट, किंवा सलवार-कुर्ता, एवढ्यावर मुलाखतही निभते आणि पुढची नोकरीही. मात्र "काहीही घाला, चालतंय" असं जे सीनियर सांगतात, तेही मला पटत नाही.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ईआरपी (कंपनीचा सगळा हिशेब आणि नोंदी एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवायचं काम आलं. मी टेरिकॉटची पँट आणि पॉलिशचे बूट घालून भट्टीकडे निघालो. तिथल्या सुपरवायझर मामांनी दंडाला धरून मागं ओढलं. "साहेब, ठिणगी पडली तर हे कापड वितळून कातड्याला चिकटतंय. उद्या सुती घालून या, मग सगळं दावतो."

दुसऱ्या दिवशी जाड सुती कपडे आणि सेफ्टी शूज घालून गेलो. मामांनी मोल्डिंगपासून ओतकामापर्यंत दिवसभर फिरवलं. साच्याची काळी वाळू कामगारांच्या हातमोज्यांवर थापलेली. वाया गेलेले नग ते खडूनं पत्र्यावर मांडत होते, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. शिफ्ट संपली की क्लार्क ते आकडे वहीत उतरवायचा. आणि आम्ही एसी खोलीत बसून ठरवलं होतं की प्रत्येक नगाची नोंद तिथल्या तिथं कीबोर्डवर व्हावी! त्या हातांनी? आम्ही तो स्क्रीन बदलला. हीट नंबरप्रमाणे (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), शिफ्टला एकदाच नोंद.

आयबीएम या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीचा पांढरा शर्ट आणि गडद सूट एके काळी जगभर प्रसिद्ध होता. त्यांचे ग्राहक, म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी, तसेच कपडे घालायचे, म्हणून विकणाऱ्यानंही तसंच जायचं. पुढं ग्राहकांचे कपडे बदलले, आयबीएमचे तसेच राहिले. शेवटी 1995 मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी ती सक्ती काढली. मला हे फार बरोबर वाटतं. बँकेत जाताना फॉर्मल घाला, फौंड्रीत सुती, आणि व्हिडिओ कॉलवर समोरचे जसे बसतात तसे बसा.

करिअरचंही थोडं सांगतो. पहिली एक-दोन वर्षं टेस्टिंग, सपोर्ट, कधी बेंच (प्रोजेक्ट नसताना नुसतं बसून राहणं), यात जातात. त्यानं खचू नका. कोडिंग सगळेच शिकून येतात. क्लायंटचं काम त्याच्याच शब्दांत सांगू शकणारी माणसं कमी असतात, आणि पुढच्या मीटिंगला त्यांनाच नेतात. आपल्या पोरांना हे शिकायला लांब जावं लागत नाही. कुणाच्या घरी साखर कारखाना आहे, कुणाकडे दूध संघ, कुणाच्या मामाचे इचलकरंजीत माग.

त्या ब्लेझरवाल्या पोरीचे काका कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. उसाची गाडी काट्यावर आल्यापासून शेतकऱ्याच्या खात्यात बिल पडेपर्यंत कुठला कागद कुणाच्या हातात जातो, हे ती पुढच्या रविवारी लिहून आणणार आहे.