श्रीनिवासन, कैगा आणि आमचा थ्री फेज

२० मे २०२५ ला अणुशास्त्रज्ञ एम. आर. श्रीनिवासन उटीत गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. खानापुरात बसून बातमी मोबाइलवर वाचली तेव्हा घरात करंट नव्हता. वळवानं कुठंतरी फांदी तारेवर आणली असणार. ३१ वर्षं हेच बघितल्यावर दुसरं काही सुचत नाही.

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला तेव्हा माझ्या डोक्यात कैगाच होतं. इथून जंगलापलीकडं, काळी नदीच्या काठी अणुभट्ट्यांचं बांधकाम चालू होतं. नोकरी मिळाली ती मात्र वीज मंडळात. पुढं सेक्शन ऑफिसर झालो.

श्रीनिवासन बंगळूरचे. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात डॉक्टरेट, १९५५ ला अणुऊर्जा खात्यात, भाभांबरोबर अप्सरेवर, म्हणजे देशाच्या पहिल्या अणुभट्टीवर काम. मग तारापूर, कल्पाक्कमची अणुवीज केंद्रं, १९८७ ला अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद. हे सगळ्यांनीच छापलं. मी अडकलो ते एका ओळीपाशी: १९९६ ते ९८, नियोजन आयोगाचे सदस्य, ऊर्जा त्यांच्याकडं.

म्हणजे भट्ट्या उभारणारा माणूस वाटपाच्या टेबलावर आला. ते टेबल माझ्या ओळखीचं, आमचं फारच बारकं एवढाच फरक. कैगाची १ नंबरची भट्टी २०१८ अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस चालली. आमच्या फीडरचा, म्हणजे गावांना वीज नेणाऱ्या लाइनीचा, जुलैतला विक्रम ४ दिवस! भट्टी एका लयीत चालवायची असते. रात्री मागणी उतरली म्हणून तिला सारखं खालीवर करणं परवडत नाही. मग रात्रीचा भार आणायचा कुठनं? शेतीचा थ्री फेज, म्हणजे पंपांना लागणारा करंट, रात्री सोडा. ग्रीडच्या हिशेबात हे बरोबरच आहे, आणि तसल्या वेळापत्रकावर मीही सह्या केल्यात.

एकदा टीसी (ट्रान्सफॉर्मर) जळाली म्हणून रात्री उसाच्या फडात गेलो. पंपाच्या स्टार्टरपेटीत नाग वेटोळं घालून बसलेला, ऊबेला. शेतकरी हातातली बॅटरी त्याच्यावरनं न हलवता म्हणाला, "दिवसा दिलासा तर हात कुठं घालतोय ते दिसंल तरी की ओ साहेब." मी टीसीबद्दल बोलत राहिलो.

श्रीनिवासनांच्या टेबलापर्यंत ही पेटी कधी पोचली असेल का, हे विचारायला आता कुणी नाही.

साडेनऊला करंट आला आणि लगेच फोन वाजला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण माझा नंबर कुणी पुसत नाही.

"साहेब, थ्री फेज कवा सोडताय?"

"अकराला," म्हटलं. सवयीनं.