दहा मार्कांची परीक्षा

आमच्या वॉर्डात कार-टी सेल थेरपीचे, म्हणजे स्वतःच्याच पेशी बदलून कॅन्सरशी लढवायच्या अशा उपचाराचे पेशंट असतात आणि मेंदू नीट चालतोय ना हे बघायला त्यांची दर शिफ्टला एक परीक्षा होते, दहा मार्कांची. कागदोपत्री नाव आयसीई स्कोअर, आम्ही सगळे नुसतं आइस म्हणतो. वर्ष कोणतं, महिना कोणता, शहर कोणतं आणि आत्ता आपण कुठल्या हॉस्पिटलात आहोत, याचे चार मार्क. मग तीन वस्तू ओळखायच्या, मी माझं पेन, घड्याळ आणि युनिफॉर्मचं बटण दाखवते, त्याचे तीन. एक सांगितलेली गोष्ट करायची, दोन बोटं वर करा वगैरे, एक मार्क. शंभरापासून दहा दहा कमी करत उलटं मोजायचं, एक. आणि कागदावर एक वाक्य लिहायचं त्याचा एक. संपलं.

नवीन जॉईन झालेल्या मुलींना हे जरा पोरकट वाटतं आणि पेशंटना तर वाटतंच. ज्या काकांबद्दल लिहितेय ते पहिल्याच वेळेला म्हणाले, "अहो सिस्टर, माझ्या पेशींमधले जीन बदलून आणलेत म्हणता आणि मला विचारताय याला काय म्हणतात? पेन म्हणतात पेन." मग वाक्य लिहायला कागद दिला तर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मला घरी जायचं आहे पण सिस्टर सोडत नाहीत'. तेच त्यांचं वाक्य ठरलं. एकदा ठरलं की आम्ही बदलत नाही, रोज तेच लिहून घ्यायचं, म्हणजे कालच्या कागदाशेजारी आजचा ठेवून बघता येतो.

काका रिटायर्ड बस ड्रायव्हर, साठीच्या पुढचे. लार्ज बी सेल लिम्फोमा, म्हणजे बी सेल नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, पहिल्या केमोनं गेला, वर्षभरात परत आला, आणि दुसरी केमो दिली तर जागचा हललाच नाही. म्हणून कार-टी.

हे काय असतं ते थोडक्यात सांगते, ज्यांना माहितीये त्यांनी हा पॅरा सोडा. पेशंटचं रक्त मशीनमधून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतात, त्यातल्या टी सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, लॅबमध्ये जातात, तिथे निकामी केलेल्या व्हायरसच्या मार्फत त्यांच्यात एक नवीन जीन घालतात आणि मग त्या टी सेलच्या अंगावर एक रिसेप्टर येतो जो सीडी१९ नावाचं प्रोटीन ओळखतो. हे प्रोटीन बी सेलवर असतं. कॅन्सर झालेल्या बी सेलवर पण आणि चांगल्या बी सेलवर पण, त्यामुळे दोन्ही मारल्या जातात आणि नंतर इन्फेक्शनचा त्रास राहतो, काहींना महिनोन् महिने बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे अँटिबॉडी द्याव्या लागतात. पेशी तयार होऊन यायला काही आठवडे जातात, आल्या की आधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड अशी छोटी केमो देऊन शरीरात जागा करायची आणि मग त्या सोडायच्या. कल्पना तशी जुनी आहे, इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये झेलिग एशार यांच्या टीमनं १९८९ मध्येच टी सेलवर असा जोडलेला रिसेप्टर बसवून दाखवला होता, पण औषध म्हणून पहिली मंजुरी अमेरिकेत मिळाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे मधे जवळपास तीस वर्षं गेली.

पेशी द्यायचा दिवस बघायला तसा कंटाळवाणा असतो. नातेवाईक मोठं काहीतरी होणार म्हणून सकाळपासून तयारीत बसलेले असतात आणि आम्ही येतो एक छोटीशी पिशवी घेऊन. लिक्विड नायट्रोजनच्या टाकीतून काढलेली, ३७ डिग्रीच्या पाण्यात वितळवलेली, दोन जणांनी नाव नंबर मोठ्यानं वाचून जुळवलेला, कारण या पेशी फक्त त्याच माणसाच्या असतात, दुसऱ्याला गेल्या तर अनर्थ. आणि एक गोष्ट मी नवीन मुलींना दहादा बजावते, रक्त देताना सवयीनं आपण पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावतो तो इथे लावायचा नाही, नाहीतर सगळी मेहनत त्या फिल्टरमध्ये अडकून बसेल. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं. पेशी गोठवताना डीएमएसओ नावाचं रसायन घातलेलं असतं त्याचा उग्र लसणासारखा वास पुढे एखादा दिवस पेशंटच्या श्वासाला येत राहतो, काकू तोंडाला पदर लावूनच बसल्या होत्या. काका म्हणाले, "एवढंच? मला वाटलं काही ऑपरेशनसारखं असेल."

दुसऱ्या रात्री ताप चढला, ३९ डिग्री सेल्सियसच्या वर, मग बीपी खाली. हे अपेक्षितच असतं, कार-टी पेशी कामाला लागल्या की सायटोकाइनचा, म्हणजे पेशी एकमेकींना इशारा द्यायला सोडतात त्या प्रोटीनचा, पूर येतो, त्याला सीआरएस म्हणतात. आधी इन्फेक्शन असेल असं धरून कल्चर पाठवले, अँटिबायोटिक चालू केलं, सलाईन दिलं, तरी बीपी ढिम्म. मग टोसिलिझुमॅब. या औषधाची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला, रक्ताचा कॅन्सर असलेली ही पहिली मुलगी जिला कार-टी दिलं, तिला असाच भयंकर ताप आला, व्हेंटिलेटरवर गेली, कुणाला काही सुचेना. रक्तात इंटरल्युकिन-६ हे एक सायटोकाइन प्रचंड वाढलेलं सापडलं. या संशोधनाचे प्रमुख कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणापासून संधिवात, त्यामुळे इंटरल्युकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना घरातूनच माहीत होतं. ते दिलं आणि एमिली काही तासांत सुधारायला लागली. आज ती मोठी झाली आहे आणि कॅन्सर परत आलेला नाही. पुढे २०१७ मध्ये कार-टीला मंजुरी मिळाली तेव्हाच या त्रासासाठी टोसिलिझुमॅबलाही मिळाली.

तर काकांनाही ते लागू पडलं. ताप उतरला, बीपी वर आलं, ऑक्सिजन लागलाच नाही. चौथ्या दिवशी काका उठून खिडकीजवळ खुर्चीत बसले, सगळ्यांच्या जिवात जीव आला.

पाचव्या दिवशी माझी दुपारची ड्युटी. हॅन्डओव्हरमध्ये सकाळच्या सिस्टरनं सांगितलं, ताप नाही, बीपी छान, आइस दहापैकी दहा. मुलगा बाहेर भेटला, म्हणाला धोका टळला ना आता, मी म्हटलं अजून थोडे दिवस बघू. हे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो म्हणून त्यानं फार मनावर घेतलं नाही. आत गेले तर काका पडून होते, डोळे उघडे. काकू हळूच म्हणाल्या, "जेवण झाल्यापासून फुगून बसलेत, एक शब्द नाही. मी म्हटलं ना की डिस्चार्जचं डॉक्टरांना सारखं विचारू नका, तेव्हापासून."

आता हे पटण्यासारखं होतं, काकांचा स्वभाव तसाच होता. पण वेळ झाली नव्हती तरी मी कागद पेन काढलं.

वर्ष बरोबर. महिना बरोबर, जरा वेळ लावून. शहर, हॉस्पिटल बरोबर. चार मार्क. घड्याळ, बटण सांगितलं. पेन दाखवलं तर बघत राहिले, ओठ हलले, म्हणाले, "ते... लिहायचं." ज्या माणसानं पाच दिवसांपूर्वी मला पेनावरून टोमणा मारला होता! दोन बोटं वर केली. शंभरापासून मोजायला सांगितलं. शंभर, नव्वद, ऐंशी, ऐंशी, ऐंशी. थांबले, माझ्याकडे बघितलं, परत ऐंशी.

मग वाक्य. काकांची लिहायची एक सवय होती, आधी पूर्ण शब्द लिहायचा आणि मग वरून एका झटक्यात रेघ ओढायची. त्या दिवशी शब्द उताराला लागल्यासारखे खाली खाली गेले, रेघा भलतीकडेच वर तरंगत राहिल्या, काने मात्रा गळाले, आणि 'सिस्टर' या शब्दाशी पोचल्यावर सि सि सि असं लिहीत कागदाच्या कडेपर्यंत गेले. पेन हातातून मीच काढून घेतलं. काकू कागदाकडे बघत होत्या, त्यांना कळलं की हा रुसवा नाहीये.

दहापैकी सात. सात ते नऊ म्हणजे ग्रेड वन, म्हणजे तशी सौम्यच. याला आयकॅन्स म्हणतात, सायटोकाइनमुळे रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्यातला अडसर ढिला पडतो आणि मेंदूचं काम गडबडतं, आणि बोलणं लिहिणं हे अगदी सुरुवातीला बिघडणाऱ्यात असतं. बऱ्याचदा ताप गेल्यावर, सगळे निवांत झाल्यावरच येतं. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. ताप आहे का? नाही. बीपी? नॉर्मल. शुगर? नॉर्मल. रात्री झोप झाली होती का? त्यांचंही बरोबर होतं, मॉनिटरवर बघाल तर वॉर्डातला सगळ्यात तब्येतीत पेशंट हाच होता. मी काही वाद घातला नाही, सकाळचा कागद आणि आत्ताचा कागद शेजारी ठेवून फोटो काढला, बेड नंबर टाकून पाठवला. पाच मिनिटांत डॉक्टर वॉर्डात आणि त्यांच्या मागोमाग कन्सल्टंट मॅडम.

पुढचं भराभर झालं. सीटी स्कॅन, त्यात काही नाही. ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, त्यात फिट नव्हती पण लहरी संथ पडलेल्या. फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम आधीपासून चालूच होतं. दोन तासांनी परत परीक्षा, आता चार मार्क, म्हणजे ग्रेड टू. महिना गेला, शहर गेलं, मोजणं सुरूच होईना. टोसिलिझुमॅबचा इथे उपयोग नाही कारण ते मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, इथे स्टिरॉइड. मॅडमनी डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दर सहा तासांनी लिहिलं. सुरुवातीच्या काळात कार-टी पेशंटला स्टिरॉइड म्हटलं की सगळे कचरायचे, ज्या टी सेल एवढ्या खटाटोपानं घातल्या त्याच मरतील म्हणून. आता अनुभवानं ती भीती बरीच कमी झालीये, वेळेवर आणि थोडे दिवस दिलं तर चालतं.

तरी रात्री माझी ड्युटी संपायच्या वेळेला काका डोळे उघडे ठेवून गप्प. हाक मारली की बघायचे, बस. एक मार्क, तोही बोटं वर केल्याचा. ग्रेड थ्री, आयसीयू. लिफ्टपाशी काकूंनी विचारलं, "मी तुम्हाला जेवणानंतर लगेच सांगायला हवं होतं का हो?" मी खरं ते सांगितलं, की सकाळी दहापैकी दहा होते, हे तासातासाला बदलतं आणि मी आत आले तेव्हाच तुम्ही बोललात म्हणूनच मी वेळेआधी कागद काढला. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, मान हलवली.

आयसीयूतलं मी बघितलेलं नाही त्यामुळे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या सिस्टरचा फोन, काका बोलले, आणि पहिलं वाक्य काय तर "माझा चष्मा कुठंय". वॉर्डात परत आले तेव्हा नऊ मार्क होते. एक जो जात होता तो लिहिण्याचा. मोजणं, बोलणं, भांडणं सगळं जागेवर पण वाक्य काही सरळ येईना, ते यायला अजून दोन-तीन दिवस गेले. तो मधला कागद त्यांना दाखवला तर म्हणाले, "हे माझं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी लावलंय फाईलला." मधले दोन दिवस त्यांना अजिबात आठवत नाहीत.

महिन्याच्या पेट स्कॅनमध्ये लिम्फोमा दिसला नाही, तीन महिन्यांच्याही नाही. प्लेटलेट मात्र बरेच दिवस कमी राहिल्या, दोनदा चढवाव्या लागल्या. बातम्यांमध्ये कॅन्सरवर रामबाण वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण लिम्फोमावरच्या २०१७ च्या ट्रायलमध्ये निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचा आजार स्कॅनवर पूर्ण गेला पण त्यातल्या काहींचा परत आला, आणि मेंदूचा गंभीर त्रास साधारण चारात एकाला झाला होता. हेही खरं की त्या पेशंटकडे दुसरा फारसा काही उपाय उरलेला नव्हता. आता तर हीच थेरपी ल्युपसवर, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते त्या आजारावर, वापरतायत, जर्मनीत एर्लांगेनच्या टीमनं २०२२ मध्ये पाच पेशंटचे रिझल्ट छापले, पाचही जणांचा आजार शांत झाला आणि त्रास अगदी सौम्य. म्हणजे पुढे कॅन्सर नसलेल्या तरुण मुलीही या परीक्षेला बसणार.

काकांना डिस्चार्ज देताना सगळ्यात मोठं भांडण झालं ते गाडीवरून. आयकॅन्स उशिराही येऊ शकतं म्हणून पेशी दिल्यापासून आठ आठवडे ड्रायव्हिंग बंद, असा तेव्हाचा नियम. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे! काकूंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि विषय संपवला. पुढे जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं ही मुदत आठवरून दोन आठवड्यांवर आणली, एवढ्या वर्षांत जमलेला अनुभव बघून. काकांनी ते कुठेतरी वाचलं असणार, कारण एक दिवस वॉर्डाच्या नंबरवर फोन, "सिस्टर, तुम्ही मला सहा आठवडे फुकट घरी बसवलंत, त्याचं काय?" मी म्हटलं काका, शंभरापासून उलटं मोजून दाखवा मग बोलू. त्यांनी एका दमात मोजलं आणि फोन काकूंकडे दिला.