दारव्ह्याचा टेंट, केळशीची वाळू

सोयाबीन विकून झालं होतं, तूर अजून शेतात, म्हणून डिसेंबरात भावाची जुनी बोलेरो काढली अन् कारंज्याला समृद्धीवर चढलो, पुढं महाड, मंडणगड करत दुसऱ्या दिवशी कोकणात केळशीच्या बाजूला एका रिकाम्या किनाऱ्यावर. माणूस नाही, रेंज नाही. आम्ही यवतमाळकडचे, दारव्ह्याचे कोरडवाहूवाले, पाणी पायलं की येडेच होतो, गाडी सरळ वाळूत घातली अन् बसली ना बावा मागची चाकं! टायरची हवा कमी करून अन् पोती खाली टाकून तासाभरानं निघाली.

तेवढ्यात गावातले एक काका आले अन् म्हणाले, "आज पुनव आहे, उधाण येणार, वर घ्या." वाळूवर सुकलेल्या शेवाळाची, काडीकचऱ्याची एक वाकडी रेघ असते, भरती तिथवर येऊन गेलेली असते, अन् पुनव-अमावास्येला त्याच्याही वर चढू शकते. टेंट सुरूच्या बनाजवळ नेला. नारळाखाली नाही, डोकं एकच आहे.

खुंट्या काही वाळूत टिकेनात. मग सोयाबीनची रिकामी पोती वाळूनं भरली, दोरी बांधली अन् फूटभर पुरली, तवा कुठं टेंट जागेवर राह्यला. आमच्याकडं शेकोटीशिवाय जमत नाही, इथं चादर पण नकोशी, पण पहाटे टेंट आतून असा ओला की भाऊ म्हणे, "काऊन बे, तू पाणी सांडलं का?"