जळगाव ते डेट्रॉईट: चार बॅगा आणि एक चुकलेली

दिवाळी आटोपल्यावर आम्ही दोघं लेकीकडे डेट्रॉईटला जाऊन आलो. जळगावहून रेल्वेनं मुंबई, तिथून आखातात विमान बदलून शिकागो आणि मग डेट्रॉईट. सोबत चार मोठ्या बॅगा. त्यातली एक मधेच कुठंतरी राहिली आणि काही दिवसांनी घरपोच आली, आतलं सामान शाबूत. आल्यापासून गावात जो भेटेल तो विचारतो, 'कुलूप कोणतं लावलं होतं?' आता आपल्याकडे चोपडा, अमळनेर, शहादा कुठंही जा, गल्लीत एखाद्या घरची आईबापं तरी अमेरिकेला निघालेली असतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते कुलूप हा शेवटचा मुद्दा. विमानात बॅग चोरीला जाण्यापेक्षा चुकते जास्त, आणि चुकलेली बॅग ओळख पटली तरच धन्याकडे परत येते.

बॅगा भरताना घरात जे व्हायचं तेच झालं. सासूबाई एकेक डबा आणून 'हाई बी ठेव ना' म्हणत होत्या. कळण्याचं पीठ, बिबडे, उडदाचे पापड, शेव, घरचा काळा मसाला, लोणचं. यातलं बहुतेक चेक-इन बॅगेतच, म्हणजे काउंटरवर सोपवायच्या बॅगेतच टाकावं. तिखट केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, लोणच्याचं तेलही तिथं अडतं, आणि अमेरिकेच्या विमानात साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त पूड हातात असली तर वेगळी तपासणी होते. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं आणि एवढ्याशा वाटीपायी अख्खी बॅग बाजूला काढली जाते. पॉवर बँकेचं उलट आहे: ती हातातच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. शंभर वॉट-अवरपर्यंत (हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) विचारावं लागत नाही. नेहमीची वीस हजार एमएएचची साधारण चौऱ्याहत्तर वॉट-अवर भरते.

लोणच्याची बरणी हिनं दुहेरी पिशवीत घालून, तोंडाला टेप लावून, जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवली. कडेला ठेवलेली बरणी विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर आपटली की फुटतेच.

सोन्याबद्दल आपल्या जळगावकरांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. दागिने, रोकड, औषधं, कागदपत्रं, लॅपटॉप यातलं काहीही चेक-इनमध्ये टाकू नका. विमान कंपन्यांच्या नियमांत मौल्यवान वस्तूंची जबाबदारी सहसा घेतलेलीच नसते. बरेच दागिने अंगावर नेणार असाल तर जाताना कस्टमकडून निर्यातीचा दाखला करून घ्या, म्हणजे परतताना 'हे तिकडून आणलं का?' हा वाद होत नाही.

आता मुख्य काम. प्रत्येक बॅगेचे दोन फोटो काढा, एक बंद बॅगेचा आणि एक उघड्या बॅगेचा, वरचं सामान दिसेल असा. आत अगदी वर एक कागद ठेवा: नाव, भारतातला आणि तिकडचा फोन, जिथं उतरणार तिथला पत्ता. बाहेरचं लेबल पट्ट्यावर फाटून जातं, आतला कागद राहतो. मागच्या प्रवासाचे जुने टॅग आणि बारकोडचे बारीक स्टिकर खरवडून काढा, नाहीतर यंत्र भलताच बारकोड वाचतं. आमच्या चारही बॅगांच्या मुठीला जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची पट्टी घट्ट गुंडाळून शिवली होती. सुटी टोकं ठेवू नयेत, पट्ट्यात अडकतात.

रेल्वेत खालच्या बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात, त्याचा उपयोग करा. बॅगा रात्रीच दाराकडे नेऊन ठेवायची घाई मात्र करू नका. ठाण्याला उतरा की दादरला, पाच मिनिटं आधी काढल्या तरी पुरतं. जळगावहून मुंबईला लहान एटीआर विमानाचाही पर्याय आहे, पण वेगळं तिकीट काढलंत तर देशांतर्गत पंधरा किलोची मर्यादा लागते आणि तुमच्या बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या असतात. फरकाचे पैसे द्यायची तयारी असेल तरच तो मार्ग धरा. मुंबईतही आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर कोणतं लिहिलंय ते गाडीवाल्याला आधीच दाखवा.

काउंटरवर बॅगेला लावलेला टॅग ती पुढं सरकण्याआधी वाचा. त्यावर पोचायच्या ठिकाणाची तीन अक्षरं असतात. मुंबई बीओएम, जळगाव जेएलजी, डेट्रॉईट डीटीडब्ल्यू. खाली दहा आकडी नंबर असतो, तीच बॅगेची खरी ओळख. पावतीचे चारही चिकट तुकडे एकाच बोर्डिंग पासवर चिकटवतात, मग कोणता नंबर कोणत्या बॅगेचा ते कळत नाही. हिनं प्रत्येक बॅगेचा टॅगसकट फोटो काढला. मागची रांग कुरकुरली, कुरकुरू द्या.

शिकागोला त्याचा उपयोग झाला. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच बॅगा उतरवून घ्याव्या लागतात, टॅगवर डेट्रॉईट असलं तरी. कस्टममधून काढून पुन्हा पुढच्या पट्ट्यावर द्यायच्या. तीन आल्या, निळी आली नाही. पट्टा थांबला तरी आम्ही तिथून हललो नाही. शेजारीच विमान कंपनीची खिडकी होती. बाईनं नंबर विचारला, मी फोटो दाखवला, तिनं संगणकात पाहिलं: बॅग आखातातच राहिली होती. तक्रारीचा फॉर्म भरून दहा अक्षर-अंकांचा फाइल नंबर मिळाला. बाहेर पडण्याआधी हा फॉर्म भरलाच पाहिजे, घरी जाऊन फोन करू म्हणाल तर पुढं जड जातं. बॅगेत ट्रॅकरचा बिल्ला (बॅग कुठं आहे ते फोनवर दाखवणारा) असेल तर तेही तिथं सांगा. अशा बिल्ल्यातली बटणाएवढी बॅटरी चेक-इनमध्ये चालते.

तोवर लागणारे कपडे, स्वेटर घ्या आणि बिलं जपून ठेवा, तो खर्च मागता येतो. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा माँट्रियल करार लागू होतो, भारत 2009 पासून त्यात आहे. बॅग मोडली असेल तर मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली असेल तर 21 दिवसांत. 21 दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर 2024 पासून 1519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे दोन हजार डॉलरच्या आसपास, तीही माणशी, बॅगेमागे नव्हे. देशांतर्गत प्रवासात हीच मर्यादा माणशी 20,000 रुपये. म्हणजे आत लाखाचा शालू टाकायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

निळी बॅग आली तेव्हा बिबड्यांच्या पिशवीवर अमेरिकन सुरक्षा विभागाची छापील चिठ्ठी होती, 'तपासणीसाठी उघडली' अशी. बिबड्यांचा चुरा झाला होता, लेकीनं तोच तेल-तिखट लावून खाल्ला. कुलूप मात्र शाबूत होतं, कारण ते लाल चौकटीच्या खुणेचं, त्यांच्या किल्लीनं उघडणारं होतं. साधं असतं तर तोडलं असतं. कुलपाचं महत्त्व माझ्या लेखी एवढंच.

खाद्यपदार्थ नेताय हे तिथल्या कस्टमला स्वतःहून सांगा. ताजी फळं, मटण-मासळी नकोच, बाकी मसाला-पापड आम्हाला दाखवून पुढं जाऊ दिलं. येताना मुंबईलाच सगळ्या बॅगा उतरवून कस्टम करावं लागतं, पुढचं विमान जळगावचं असलं तरी. त्यामुळे मधे निदान चार तास ठेवा. आणि चाक, मूठ, चेन तिथंच, पट्ट्याशेजारी तपासा.